पायात बाज, चपलेत खडा

थंडी कडक पडली की बर्फ पायाखाली वाजतो. कर्र, कर्र. नवी कोल्हापुरी चप्पल वाजते ना, अगदी तसा. हे मी आमच्या गल्लीत सांगितलं तेव्हा बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शेजारची म्हणाली, "काकू, तिकडं जाऊन आल्यापास्नं तुम्ही लई फेकाय लागलाय." फेकत नाही बाई. मी चालून आलेय. पायांना वादीनं विणलेल्या दोन लहान बाजा बांधून, मांडीएवढ्या बर्फावरून, सत्तरी ओलांडल्यावर. आणि गेले ती मौज म्हणून नव्हे. थोडी मौज होती, ती पुढं सांगते. गेले ती नवऱ्याला चालवायला.

आमचे हे शाळेत पी.टी.चे मास्तर होते. गळ्यात शिट्टी, पांढरे बूट, आणि आवाज असा की मैदानावर "सावधान" म्हटलं की रस्त्यावरचा सायकलवाला पाय टेकून उभा राहायचा. उभ्या नोकरीत यांनी इतकी पोरं पळवली की अजून बाजारात एखादा टक्कल पडलेला बाप्या यांना बघून पोट आत घेतो. रिटायर झाले तरी पहाटे रंकाळ्याला फेरी, येताना कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, आणि मिशीला फेस तसाच ठेवून घरी. तो फेस मुद्दाम ठेवायचे, गल्लीनं बघावा म्हणून.

एका सकाळी फेस न घेता आले. रिक्षातून आले, छाती धरून. दवाखान्यात दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "सर, रोज चालायचं. दम लागला की थांबायचं, बसायचं. मग परत चालायचं." किती सोपं. पोराला सांगितलं तर पोर करेल. पण यांना त्यातलं मधलं जमेना. मैदानावर जो थांबला तो बाद, हे हजारो पोरांना शिकवलेला माणूस भर रस्त्यात थांबणार कसा? पहिल्याच दिवशी तळ्याकाठी यांना धाप लागली. ओळखीचे चार लोक समोरून येत होते. हे थांबले नाहीत. चेहरा काळा पडला तरी तसेच ताठ चालत गेले, घरी आले, आणि बूट खुंटीला लावले ते लावलेच.

त्यानंतर यांचं चालणं म्हणजे सोफा ते फाटक. कुणी विचारलं तर सांगायचे, गुडघा धरलाय. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. आत भीती बसली होती, आणि भीतीला बसायला गुडघ्याएवढी सोयीची जागा दुसरी नाही. मी रागावून बघितलं, लाडीगोडी लावून बघितली. एकदा अबोला धरला, तर त्यांना तो आवडला. मग तोही सोडला. डॉक्टर दर खेपेला तेच सांगत होते, चालले नाहीत तर हे स्प्रिंगांचं काम वाया. माणूस माझ्या डोळ्यांसमोर खुर्चीत मुरत चालला होता, आणि तेवढी एक गोष्ट मला बघवत नव्हती.

अशात लेकीचा कॅनडातून फोन आला. जावयांना थंडीभर कामासाठी दुसऱ्या गावी राहायचं होतं, नात लहान, लेकीला नोकरी. आई, आप्पा, याल का? गल्लीनं वेड्यात काढलं, थंडीत कुणी तिकडं जातं व्हय म्हणून. आम्ही गेलो.

तिथं तर यांना स्वर्गच मिळाला. बाहेर पांढरंधोप, दार उघडलं की नाकातलं पाणी गोठतं, आणि चाला म्हणणार कोण? काचेच्या खिडकीशी गोधडी घेऊन बसायचे, चहा प्यायचे, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या चालीला मार्क द्यायचे. घरामागं जंगल होतं. जंगल म्हणजे आपल्या दाजीपूरसारखं घनदाट नव्हे. गावकऱ्यांचंच, रोजच्या फिरण्याचं. झाडांच्या बुंध्यांवर निळ्या रंगाचा एक-एक पट्टा मारलेला, त्या पट्ट्यांच्या धोरणानं वाट तळ्यापर्यंत जायची. त्या वाटेनं शेजारची एक म्हातारी रोज खिडकीसमोरून जाई. माझ्याहून थोरली. आणि पायांना चक्क रॅकेटी बांधलेल्या.

हे गोधडीतून मान काढून म्हणाले, "ही काय, बाजंला पाय बांधून चाललीय व्हय?"

लेकीनं समजावलं. त्याला स्नोशू म्हणतात. बर्फ भुसभुशीत असतो, साधा बूट टाकला तर पाय मांडीपर्यंत आत जातो. हे पायाला बांधलं की वजन पसरतं आणि माणूस वरच्या वर चालतो. मला लगेच उमगलं. उसाला पाणी सोडल्यावर सरीतल्या चिखलावर फळी टाकतो आणि तिच्यावरून जातो, तसंच. फक्त इथं फळी आपल्याबरोबर चालते.

त्याच दुपारी मी लेकीला म्हटलं, मला पाहिजे ते. लेकीकडं प्लॅस्टिकचे दोन जोड होते, एक तिचा आणि एक जावयांचा, पट्टे खटाखट लागणारे. पण शेजारच्या म्हातारीच्या ओसरीत भिंतीवर एक जुना लाकडी जोड टांगलेला मी बघून ठेवला होता. वाकवलेल्या लाकडाची चौकट, मागं शेपटी, आणि मध्ये कच्च्या चामड्याच्या वादीची अशी देखणी वीण की आपल्याकडं बाज विणणाऱ्यानं बघत राहावं. म्हातारीनं हसत काढून दिला. लेक म्हणाली, "आई, तो शोभेचा आहे गं. कितीतरी वर्षांत कुणी घातला नाही. प्लॅस्टिकचा घाल." मी म्हटलं, प्लॅस्टिकचं मला नको, तेच देखणं आहे.

हीच ती मौज. देखणं दिसलं की माझी बुद्धी पायात जाते. हे आजचं नाही.

लग्न झालं तेव्हा माहेरहून मला कोल्हापुरी चपलांचा जोड मिळाला होता. लाल गोंडा, सोनेरी वेणी, आणि वाजणाऱ्या. त्या काळी चप्पल वाजली नाही तर ती घेतली कशाला, अशी आमची समजूत. आईनं बजावून सांगितलं, "रात्रभर तेल पाजून ठेव. न्हायतर चावंल." कोल्हापुरातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. नवी चप्पल तेल प्याली की मऊ होते, पायाचं ऐकते. पण तेल पाजलं की चामडं काळवंडतं, चमक जाते, आणि आवाज बसतो. मी अठराएकोणीस वर्षांची दीडशहाणी. सासरी जाताना चप्पल मुकी करू? आईनं लावलेलं तेल मी परकराला पुसून टाकलं.

लग्नानंतर जोडप्यानं जोतिबाला जायचं, ही आमच्याकडची रीत. मार्गशीर्षातली सकाळ, डोंगरावर धुकं, गवतावर दव. घरची मंडळी वाहनानं वर गेली. पी.टी. मास्तरांनी मात्र ठरवलं, आपण दोघं झाडीतल्या पाऊलवाटेनं चढून जायचं. ते पुढं, मी दोन पावलं मागं. कर्र, कर्र. पहिल्या वळणापर्यंत मला वाटत होतं, सगळा डोंगर माझ्या चपला ऐकतोय. दुसऱ्या वळणावर उजवी चावली. तिसऱ्यावर डावी. अंगठ्याजवळ सालटं निघालं, टाचेला फोड आला, डोळ्यांत पाणी आलं. थांबा म्हणायची सोय नव्हती. नवऱ्याशी पहिल्यांदाच बोलायचं आणि ते काय, तर पाय दुखतोय? मी ओठ चावला आणि चालत राहिले. खानदानी मूर्ख.

पण गंमत अशी की नवराच सारखा थांबायचा. जरा चाललो की म्हणायचा, "थांब, खडा गेला चपलेत." दगडावर बसायचा, चप्पल काढायचा, झटकायचा, उलटी करून बघायचा, तळवा पुसायचा, परत घालायचा. बराच वेळ घ्यायचा. तेवढ्यात माझ्या पायांना विसावा मिळायचा. मी मनात म्हणायचे, बघा, मोठा पी.टी. मास्तर. याला धड चप्पल घालता येत नाही, आणि माझा जन्म याच्या मागं जायचा.

ही गोष्ट मी पुढं जन्मभर सांगितली. जावांना सांगितली, नणंदांना सांगितली, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितली. जगातला प्रत्येक खडा आमच्या यांची चप्पल हुडकत येतो, म्हणायचे. आमच्या घरात ते बोलणंच पडलं. कुणी मागं रेंगाळलं की लेक म्हणायची, खडा गेला वाटतं. हे ऐकायचे आणि मिशीत हसायचे. मला वाटायचं, लाजून हसतात.

तर तो देखणा लाकडी जोड मी घरी आणला आणि बघितलं तर वादी वाळून खडखडीत. हात फिरवला की खरबरीत लागे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवं असो की जुनं, चामडं शेवटी चामडंच. एकदा आईचं ऐकलं नव्हतं, आता तरी ऐकावं. लेक कामात होती. मी स्वयंपाकघरातून शेंगतेलाची बाटली घेतली, तेल कोमट केलं, आणि वादीवादीला बोटानं चोळून चोळून पाजलं. वीण तेल पीत गेली. दुसऱ्या दिवसापर्यंत ती लोण्यासारखी मऊ झाली. मी स्वतःवर इतकी खूश झाले की लेकीला सांगितलंसुद्धा नाही.

आता राहिलं यांना उठवणं. सरळ सांगून उठणाऱ्यातले हे नव्हेत. मी कोटावर कोट चढवले, जावयांची विजार घातली, कानटोपी ओढली आणि खिडकीसमोरून जोड हातात घेऊन दोनदा गेले. त्यांनी विचारलं, कुठं? मी म्हटलं, जंगलात, एकटीच. ते म्हणाले, वाट चुकलीस तर? मी म्हटलं, चुकले तर चुकले, कुणीतरी भेटेल. ते म्हणाले, भेटलं तर विचारणार कुठल्या भाषेत? मी म्हटलं, ते तिथं गेल्यावर बघू. मग गोधडी बाजूला झाली. पन्नासच्या वर वर्षं संसार करून एवढं तर कळतं की यांना स्वतःसाठी हलवता येत नाही, पण माझ्या मूर्खपणावर यांचा पूर्ण विश्वास आहे.

लेकीनं आदल्याच दिवशी आमच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं होतं. त्यांनी तेच सांगितलं होतं, हळूहळू चालू दे, छाती नीट झाकून, आणि दमलं की थांबायचं. तिनं आप्पांना जावयांचा प्लॅस्टिकचा जोड बांधला, मला माझा देखणा. दोघांच्या खिशात फोन घातले. पाय फाकवून टाकायचे, म्हणाली, नाहीतर आपलाच पाय आपल्याच फळीवर पडतो. निळे पट्टे सोडायचे नाहीत, तळं दिसलं की मागं फिरायचं. तिची ऑफिसची मीटिंग होती, ती आत गेली. आणि मला हळूच म्हणाली, "आई, त्यांना थांबव गं. ते स्वतः थांबणार न्हाईत."

ते मला माहीत होतं. त्याचा बंदोबस्त मी करून आले होते.

आदल्या दिवशी ताजा बर्फ पडला होता. दार ओलांडलं आणि सगळं गाव कापूस पिंजून ठेवल्यासारखं. झाडं दोन तऱ्हेची. काही पार निष्पर्ण, काळ्या काड्या. काही सुरूसारखी हिरवी, फांदीफांदीवर बर्फाचे गोळे घेऊन वाकलेली. कुठं पान हलत नव्हतं. हे सवयीनं पुढं झाले, मी सवयीनं दोन पावलं मागं. पाय फाकवून दोघं असे डुलत निघालो की कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, बदकांचं वऱ्हाड चाललंय.

आणि पहिल्याच पावलाला आवाज आला. कर्र.

मी उभीच राहिले. दुसरं पाऊल टाकलं. कर्र. हेही मागं वळून बघायला लागले. दोघांच्या कानांत एकच डोंगर वाजत होता, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पुढं चालू लागलो.

बर्फात एक न्याय निराळा आहे, तो तिथंच कळला. पुढच्यानं बर्फ तुडवायचा, मागच्यानं त्या तुडवलेल्या वाटेनं आयतं चालायचं. कष्ट सगळे पुढच्याला. जन्मभर नवऱ्याच्या मागं चालायला लागलं म्हणून मी जेवढी मनातल्या मनात त्याच्या पाठीला जीभ काढून दाखवली होती, त्या सगळ्या रागाचं त्या वाटेवर पाणी झालं. मागं फार सुखाचं असतं बायांनो. पण सुख वाटायची ती वेळ नव्हती. यांच्या तोंडातून वाफ आता दाट, भराभर येऊ लागली होती. खांदे वर गेले होते. पाठ मात्र ताठ. ही पाठ मी ओळखत होते. रंकाळ्यावर हीच पाठ न थांबता घरी आली होती.

मी म्हटलं, "अहो, थांबा जरा. माझी वादी सुटली."

ते थांबले. मी खाली वाकले. वादी काही सुटली नव्हती. मी ती सोडली, परत बांधली, मोजा वर ओढला, दुसऱ्या पायाचीही तपासली. कानानं त्यांचा श्वास ऐकत होते. तो खाली आला तशी मी उठले. पुढं निघालो. बऱ्याच अंतरानं परत वाफ दाटली. परत माझी वादी सुटली. यावेळी एक चिमणीएवढा पक्षी, डोक्याला काळी टोपी, अगदी हातभर अंतरावरच्या फांदीवर येऊन बसला आणि माझं वादी बांधणं बघत राहिला. त्याला मात्र लबाडी कळली असावी. मान वाकडी करून बघत होता.

तळं पुढं दिसायला लागलं, झाडांमधून पांढऱ्या ताटासारखं. थोडा चढ होता. चढावर यांचा पाय अडखळला. मी म्हटलं, "थांबा की. वादी."

हे थांबले. वळले. मी वाकणार तोच म्हणाले, "वादी न्हाय सुटलेली तुझी."

"सुटलीया की."

"एकदाबी सुटली न्हवती. मी बघाय लागलोय मगाधरनं." श्वास घ्यायला थांबले. मिशीवर वाफेचा बर्फ जमला होता, दुधाच्या फेसासारखा. "ही युक्ती माझी हाय. जोतिबाच्या वाटंवर चपलेत खडा जाईत हुता, ध्यानात हाय?"

मी म्हटलं, ध्यानात नसायला काय झालं, सगळ्या जिल्ह्याला सांगितलंय मी.

ते म्हणाले, "एकबी खडा न्हवता."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कळत गेलं. तो दगडावर बसायचा, चप्पल उलटी करायचा, बराच वेळ घ्यायचा. माझ्या चपलेचा आवाज बदलला की त्याला मागं न बघता कळायचं, ही लंगडतीय. आणि ही थांबा म्हणणार नाही. मग तो आपणच थांबायचा. पी.टी. मास्तर, जो कधी थांबला नाही, तो त्या डोंगरावर लुगड्यातल्या एका हट्टी पोरीसाठी पन्नास ठिकाणी थांबला. आणि ती पोरगी त्याची टिंगल करत गावभर हिंडली. एक-दोन वर्षं नव्हे, जन्मभर. आणि हा मिशीत हसत बसला.

"मग सांगितलं का न्हाई?" मी विचारलं.

"तू इतकं रंगवून सांगायचीस," ते म्हणाले, "मलाबी ऐकाय बरं वाटायचं."

आता यावर मी काही चांगलं बोलले असते. डोळ्यांत पाणीही येऊ लागलं होतं, आणि ते तिथं गालावरच गोठतं, तेव्हा घाई करायला हवी होती. मी त्यांच्याकडं जायला म्हणून एक पाऊल टाकलं. आणि माझा पाय देखण्या जोडाची वीण घेऊन खाली गेला. शेंगतेल प्यालेली वादी वर बर्फाचं पाणी पिऊन अशी ढिली झाली होती, जशी जुन्या बाजेची मधली झोळी. ज्या वादीच्या सुटण्याचं मी सोंग करत होते, ती खरोखर सैल होऊन माझ्या पायाभोवती लोंबत होती. मी मांडीपर्यंत आत, दुसरा पाय वर आडवा, आणि बाकीची मी बर्फात उताणी.

जिथं तेल पाजायचं होतं तिथं पुसून टाकलं, आणि जिथं थेंब लावायचा नव्हता तिथं बाटलीभर चोळलं. एवढीच माझी अक्कल, जन्माच्या दोन टोकांना.

मी हसायला लागले. हसले की जोर जातो, आणि जोर गेला की आणखी आत जाते. हे माझा हात धरून ओढायला लागले. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. आणि माझं हसू थांबलं. यांचा चेहरा तसाच झाला होता, रंकाळ्यावरून आले होते तसा. मी सोडा म्हटलं. हात सुटेना. मला वाटलं, हा माणूस आता मला ओढून काढेल आणि इथंच पडेल, पण थांबणार नाही. आणि माझ्याजवळ आता सोंग करायला वादीसुद्धा उरली नव्हती.

मग त्यांनी हात सोडला. आपणहून. बाजूला एक झाड आडवं पडलं होतं, त्याच्यावरचा बर्फ हातानं झाडला आणि बसले.

"थांब गं जरा," ते म्हणाले. "दमलो मी."

इतकी वर्षं संसार केला, हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मी तशीच पडून राहिले. वर फांद्या आणि त्यांच्यावर निळं आभाळ. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, मुद्दामच. कुणी बघत नसलं की माणसाला बसायला सोपं जातं. कुठंतरी एक फांदी हलकी झाली आणि बर्फाचा गोळा धप्पकन पडला. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "दम लागला की भ्या वाटतं. हितनं पुढं न्हाईच, असं वाटतं."

मी म्हटलं, "मग बसायचं. मी हाय की."

"तू खड्ड्यात हायस."

"खड्ड्यात आसंना, हाय न्हवं?"

ते हसले, आणि हसताना श्वास बरा लागला. मी हळूहळू कुशीवर झाले, गुडघ्यावर आले, झाडाला धरून बाहेर निघाले आणि त्यांच्या शेजारी बसले. आता या जोडाचं काय करायचं? फोन करून लेकीला बोलावलं असतं, पण मीटिंगमध्ये तिला काय सांगणार, तुझ्या आईनं स्नोशूला शेंगतेल पाजलं म्हणून? मी कोटाच्या आतल्या खिशातून परकराची जादा नाडी काढली. प्रवासात नाडी तुटली तर काय, या भीतीनं मी ती जन्मभर जवळ बाळगते, आणि जन्मभर ती कधी लागली नव्हती. यांनी ती विणीतून आडवी-उभी घेतली, ताण दिला, मास्तरांच्या हातानं पक्की गाठ मारली. कॅनडाच्या त्या जंगलात कोल्हापूरच्या बाजारातली लाल नाडी काय शोभत होती म्हणता.

येताना तेच पुढं झाले. मी नको म्हटलं तर म्हणाले, तुझ्या फळीचा भरवसा नाही, मी तुडवून देतो, तू त्याच्यावरून ये. आणि चालता चालता मध्येच उभं राहायचे आणि खडा नाही, गुडघा नाही, सरळ म्हणायचे, "थांब. दमलो." मी थांबायचे. मग म्हणायचे, "चल." निळ्या पट्ट्याच्या एका झाडाशी ती शेजारची म्हातारी समोरून आली. यांनी तिच्यादेखत छातीवर हात ठेवला आणि उभे राहिले. मला वाटलं, आता पाठ ताठ होणार. झाली नाही. म्हातारीही आपल्या काठ्यांवर रेलली. तिलाही विसावा हवाच असेल. मग तिची नजर माझ्या पायांकडं गेली, नाडीवर थबकली, आणि ती एवढी हसली की तिला परत विसावा घ्यावा लागला.

लेकीनं मागाहून तिच्याशी बोलून मला समजावून सांगितलं. या वादीला तेल कधी लावायचं नाही, वार्निश लावायचं असतं, म्हणजे पाणी आत जात नाही आणि वीण ताठ राहते. मी म्हटलं, नवी वादी घालून देते. म्हातारी नको म्हणाली. तिनं तो जोड नाडीसकट परत भिंतीवर लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते म्हणे. जन्मभर मी यांच्या खड्याची गोष्ट सांगितली, आता परमुलखात कुणीतरी माझ्या नाडीची सांगतंय. फिटंफाट.

दुसऱ्या दिवशी हे माझ्या आधी दारात उभे होते. त्या थंडीत आम्ही त्या वाटेनं रोज गेलो. मी निमूट प्लॅस्टिकचा जोड घातला. दिसायला काही नाही, पण चावत नाही आणि ढिलाही होत नाही.

कोल्हापूरला आल्यावर बूट खुंटीवरून खाली आले. रंकाळ्यावर आता हे चालतात, थांबतात, कट्ट्यावर बसतात. ओळखीचा कुणी भेटला आणि विचारलं की सर बसला का, तर सांगतात, दमलो. त्यांच्याच वर्गातला एक, स्वतः आजोबा झालेला, परवा त्यांच्या शेजारी येऊन टेकला आणि म्हणाला, "सर, आता परवानगी हाय काय बसायची?" हे म्हणाले, "बस की."

मागच्या महिन्यात थंडी जरा बरी होती, तेव्हा मीच म्हटलं, जोतिबाला त्याच झाडीतल्या वाटेनं जाऊया का, अर्ध्यापर्यंत तरी. गेलो. मी नवी कोल्हापुरी घातली होती, रीतसर तेल पाजलेली, काळी पडलेली, मुकी. धुकं तसंच होतं. हे पुढं, मी मागं. एका वळणावर तळव्याखाली काहीतरी टोचलं. मी म्हटलं, "अहो, थांबा. चपलेत खडा गेला."

ते दगडावर बसले, माझ्याकडं बघून मिशीत हसले, आणि म्हणाले, मी काही दमलेलो नाही अजून, तुझं चालू दे. मी म्हटलं, खरंच गेलाय. ते म्हणाले, व्हय व्हय. मी चप्पल काढली, उलटी केली, आणि खडा तळहातावर घेऊन त्यांच्या नाकासमोर धरला. हरभऱ्याएवढा, काळा, टोकदार.

त्यांनी तो नीट निरखून बघितला.

"कुठनं उचललास?" म्हणाले.